कमी दाखवणारे मीटर

मीटर कमी दाखवू लागले, तेव्हा कुलदीपने ते आधी मला सांगितले नाही, बाजारात सांगितले. मला कळले ते अविनाशकडून. नांदुऱ्याच्या धान्यबाजारात त्याचे दुकान आहे आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा तेव्हा माझ्याकडे दुरुस्तीला होता.

"मॅडम, काट्याची घाई नाही," तो फोनवर म्हणाला. "पण एक विचारू? तुमच्या हातचं मीटर खोटं दाखवते, म्हणून कुलदीपभाऊच्या गाडीचं इंजिन बसलं, असं लोक बोलून राह्यले. तसं काही नाही ना?"

"पाहून सांगते," मी म्हणाले.

कुलदीप माझा धाकटा भाऊ. गाडी आमच्या वडिलांची, वामनरावांची. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगच्या पारशी मालकाने कारखाना बंद करताना ती त्यांना दिली. इंग्रजी बनावटीची, दोनच माणसांची, बिनछताची, हिरवी. बाबा ती महिन्यातून एकदा मोताळ्याच्या शेतापर्यंत नेत, मिरचीची एक पाटी आईच्या मांडीवर ठेवून परत आणत. शेवटच्या वर्षांत तिचे आरपीएम मीटर मेले. इंजिन मिनिटाला किती फेरे घेते ते दाखवणारे हे मीटर. त्याचा आतला जुना भाग मिळणे शक्य नव्हते, म्हणून मी नवे सर्किट बांधले आणि जुन्याच काट्याला जोडले. बाबा गाडी चालू करून डोळे मिटून बसले, कानाने ऐकून आकडा सांगत गेले आणि मी काटा वाचत गेले. दोन्ही जुळले. ते एवढेच म्हणाले, "आता मी बहिरा झालो तरी चालते."

ते गेल्यावर कुलदीपने गाडी लग्नांना द्यायला सुरुवात केली. नवरदेव मिरवायला उघडी गाडी लोकांना आवडते. नवरदेवाला उतरवून झाले की तो आणि त्याचे दोस्त ती राजूरच्या घाटात पळवत. या उन्हाळ्यात तिथेच इंजिनाच्या आतले बेअरिंग वितळून ते बसले. माणसांना काही झाले नाही. अकोल्याच्या मेकॅनिकने इंजिन उघडून सांगितले, गाडी फार ओढली आहे. कुलदीप म्हणाला, काटा तर चार हजारांवर होता. मेकॅनिक म्हणाला, मग मीटर खोटे असेल.

इंजिन नवे होऊन आले आणि खरेच, काटा अजूनही कमी दाखवत होता.

घटस्फोटानंतर मी माहेरी आले तेव्हा बाबांनी अंगणातले पत्र्याचे शेड मला दिले होते. कॉलेजात मी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. उन्हाळ्यात तास नसतात, तेव्हा शेडच माझे पोट भरते. आसपासच्या कॉलेजांची अॅमीटर, गॅल्व्हानोमीटर, व्यापाऱ्यांचे वजनकाटे तिथे येतात. या कामात हत्यारांपेक्षा नाव महत्त्वाचे. ज्याच्या हातचे मीटर खोटे दाखवते त्याच्याकडे कोणी वजनकाटा आणून देत नाही.

मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ उकंडराव, घरातले वडीलधारे. कुलदीपने गोष्ट त्यांच्यापुढे नेली.

"इंजिन गेलं ते गेलं," तो म्हणाला, "पन मले ठिबकच्या नळ्या ठेवाले जागा नाही, अन हिच्या शेडात खोटी मीटरं बनून राह्यली."

"खोटी हाय हे कोनं ठरवलं?" मोठेबाबांनी विचारले.

"मेकॅनिकनं."

"मेकॅनिकनं मीटर उघडलं का?" मी विचारले.

"उघडाले काऊन लागते, ताई? डोळ्यानं दिसते."

मोठेबाबांनी मिशीवरून हात फिरवला. "असं करू. आयतवारी मी येतो. एखादा बाहेरचा मानूसही बलावू, म्हंजे घरात घरात झालं असं व्हत नाही. अनुपमा, तू मीटर खरं करून दाखव. खरं निघालं तं शेड तुहं, कोनी काही बोलनार नाही. खोटं निघालं तं रिकामं कर."

"चालेल," मी म्हणाले. हे मला न्यायाचे वाटले.

मीटर काढून शेडात नेले. ठराविक गतीने विजेचे ठोके देणारे यंत्र माझ्याकडे आहे. त्याला मीटर जोडले आणि हजारापासून सहा हजारांपर्यंत तपासले. सगळीकडे बरोबर. गाडीत परत बसवले आणि इंजिनाच्या पुलीवर चमकती पट्टी चिकटवून कॉलेजच्या लेसर यंत्राने खरे फेरे मोजले. यंत्र चार हजार म्हणत होते, काटा तीन हजारांवर.

बाकावर खरे, गाडीत खोटे. असा दोष मीटरमध्ये नसतो, मीटरपर्यंत येणाऱ्या गोष्टींत असतो. मी बॅटरीचा दाब पाहिला, ठीक होता. कॉइलकडून येणारी वायर बदलली, फरक नाही. डॅशबोर्डचा पत्रा गंजलेला, म्हणून अर्थिंग कच्चे असेल असे वाटले. वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली, तरी काटा तिथेच. शेवटी मीटर जोडलेल्याच तारांसकट बाहेर ओढून शेजारच्या सीटवर ठेवले आणि इंजिन पुन्हा चालू केले.

चार हजार. बरोबर.

पुन्हा त्याच्या भोकात सरकवले. तीन हजार.

तेच मीटर, त्याच तारा, तेच इंजिन. बदलत होती फक्त जागा. मी कॉलेजातली कंपासची डबी आणून डॅशबोर्डजवळ धरली. तिची सुई उत्तर सोडून वळली आणि मारुतीकडे पाहत थांबली.

मारुती आईने आणलेला. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर, नांदुऱ्याच्या मोठ्या मारुतीसमोर जी दुकाने लागतात त्यातल्या एकातून. पुजाऱ्याच्या हाताने तेल-शेंदूर लावून घेतला आणि कुलदीपने तो डॅशबोर्डवर बसवला, नेमका मीटरच्या वर. खड्ड्यातही हलत नाही असा. मी वाकून खालून पाहिले. मूर्तीच्या बुडाशी जाडजूड काळे चुंबक होते.

मीटरच्या आतही एक चुंबक असते आणि त्याच्यामध्ये तारेचे वेटोळे. इंजिन जितके जोरात फिरेल तितका वेटोळ्यातला प्रवाह वाढतो आणि काटा चढतो. बाहेरून दुसरे जबर चुंबक जवळ आले आणि त्याने आतल्याचा जोर मारला, तर तेवढ्याच प्रवाहाला काटा कमी चढतो. मीटरचा पत्र्याचा डबा थोडे अडवतो, सगळे नाही. शून्यावर मात्र काटा शून्यच राहतो, कारण तिथे त्याला स्प्रिंगने धरलेले असते. म्हणून उभ्या गाडीत काहीच बिघडलेले दिसत नाही. घाटात दिसत नाही ते वेगळ्या कारणाने. तिथे कानाने कळायला हवे होते, पण दोस्तांनी गाणी लावलेली असणार.

शनिवारी संध्याकाळी मी कुलदीपला एकट्याला गाठले. सगळ्यांसमोर अचानक सांगणे मला बरे वाटत नव्हते.

"मीटर चांगलं आहे," मी म्हणाले. "मारुतीच्या खाली चुंबक आहे, त्याच्यानं काटा दबतो. मूर्ती दुसऱ्या बाजूला सरकव, बरोबर होईल. उद्या कोणासमोर वाढवायलाही नको."

तो हसला. "म्हंजे माहं इंजिन मारुतीनं खाल्लं?"

"चुंबकानं."

"ताई, सगळ्या गावाले माहीत हाय, घाटात माहा जीव कोनं वाचवला ते. तू देवाले मधात आनू नोको."

"मी देवाचं बोलत नाही, बुडाचं बोलते."

"बूड कोनाचं हाय?" तो म्हणाला आणि आत गेला. आत आई मारुतीसाठी तेलाची वाटी भरत होती. बायकांनी मारुतीला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. तेल आई काढते, वाहतो कुलदीप. शनिवार होता. तो वाटी घेऊन गाडीकडे गेला आणि बराच वेळ हात जोडून उभा राहिला.

रविवारी मोठेबाबा आले. बाहेरचा माणूस म्हणून त्यांनी अविनाशलाच बोलावले होते. त्यालाही वजनकाटा न्यायचा होता. आईने अंगणात खुर्च्या टाकल्या, चहा दिला. मोठेबाबा गाडीभोवती एक फेरी मारून बसले.

"आमच्या जमान्यात गाडीले दोनच मीटर व्हते," ते म्हणाले. "एक कान, एक नाक. आवाज बदलला की उतरा, वास आला की पळा."

अविनाश हसला. "अन पोलीस दिसला की?"

"तवा तिसरं मीटर. खिसा."

मीही हसले. मला वाटले, बरे चालले आहे.

मी लेसर यंत्र अविनाशच्या हाती दिले आणि कसे धरायचे ते दाखवले. कुलदीपला गाडीत बसवून इंजिन चालू करायला सांगितले. "चार हजारांवर ने. यंत्रावरच्या."

अविनाश आकडा ओरडून सांगत होता. चार हजार झाले तेव्हा मी सगळ्यांना काटा पाहायला बोलावले. तीन हजार.

"पाहा," कुलदीप म्हणाला. "खोटं हाय का नाही?"

"कमी दाखवते, हे खरं," मी म्हणाले. "आता मूर्ती डावीकडे सरकव आणि पुन्हा पाहा."

"मी नाही सरकवत. मंत्र म्हनून बसवली हाय."

"मोठेबाबा, तुम्ही सरकवता का? दारापर्यंत फक्त."

मोठेबाबांनी पायांकडे पाहिले. "मी चपलात हाय."

"काढा."

"आंघोळही राह्यली हाय माही. सकाऊन उठलो तसा आलो."

मी अविनाशकडे पाहिले. त्याने यंत्र दोन्ही हातांनी धरले होते आणि ते सोडता येत नसल्यासारखे दाखवत होता. आई मागे उभी होती. "अनु," ती म्हणाली, "राहू दे न माय. मीटरच तं हाय."

इंजिन चालू होते. कुलदीपचा पाय स्थिर होता, तेवढे मात्र तो नीट करत होता. मी रुमाल काढला, मूर्तीभोवती धरला आणि ती डॅशबोर्डवरून उचलून डाव्या टोकाला ठेवली. चुंबक सुटताना टक्क आवाज झाला.

काटा चढला. तीन हजारांवरून चढत चार हजारांच्या रेघेवर जाऊन उभा राहिला. इंजिनाचा आवाज तोच होता.

काट्याकडे कोणी पाहिले नाही. सगळे माझ्या हाताकडे पाहत होते.

कुलदीपने किल्ली फिरवून गाडी बंद केली. काटा शून्यावर आला.

"पुन्हा चालू कर," मी म्हणाले. "त्यांनी पाहिलं नाही."

"काय पाहाचं राह्यलं?" तो खाली उतरला. "मोठेबाबा, तुमच्या समोर झालं. सांगतलं होतं मी तिले काल, देवाले मधात आनू नोको."

आईने पदर तोंडाला लावला. "हात लावला वं तुनं," ती म्हणाली. "त्यानं माहं लेकरू घाटातून परत आनलं, अन तू त्याले डब्यासारखं उचललं."

"रुमालानं उचललं, आई."

"रुमालानं का कशानं."

"मोठेबाबा," मी म्हणाले, "तुम्ही म्हणाला होता, मीटर खरं निघालं तर शेड माझं. अविनाशभाऊंच्या हातात यंत्र आहे. गाडी चालू करा आणि एकदा पाहा. आणखी काही मागत नाही मी."

मोठेबाबांनी कपातला उरलेला चहा जमिनीवर ओतला.

"मीटरचं कोन विचारते आता, पोरी?" ते म्हणाले. "समजा तुहं मीटर खरं. मंग बाहीर सांगाचं काय? मारुतीपाई इंजिन गेलं? उद्या वामनच्या गाडीत कोन नवरदेव बसवीन? अन मारुतीचं नाव निघालं तं या घराले लोक काय म्हनतीन?"

"चुंबकापायी गेलं म्हणायचं. दुकानात साध्या बुडाची मूर्तीही मिळते."

"लोकाले चुंबक कळत नाही. मारुती कळते." ते उठले. "तू शिकलेली हाय, तुनंच समजून घ्याव. मीटर बिघडलं होतं, दुरुस्त केलं, एवढं म्हन. देवाची माफी माग. आठ दिवस शेड बंद ठेव, मंग पाहू."

"मीटर बिघडलं होतं असं मी म्हटलं, तर माझ्याकडे वजनकाटे कोण आणेल?"

"अन नाही म्हटलं तं कोन आनीन?" मोठेबाबा म्हणाले. ते रागावलेले नव्हते. त्यांनी हे विचार करून सांगितले होते आणि त्यांचे बरोबर होते, हे मला दिसत होते.

"मी तसं म्हणणार नाही," मी म्हणाले.

"मंग शेड रिकामं कर," ते म्हणाले.

अविनाश माझ्यामागे शेडात आला. त्याचा वजनकाटा तयार होता. मी प्रमाणित वजने ठेवून त्याला आकडे दाखवले. त्याने प्रत्येक वेळी मान हलवली.

"मॅडम," तो हळू म्हणाला, "मी पाह्यलं. काटा चढला होता. यंत्रावरही चार हजार, मीटरवरही चार हजार. एकदम बरोबर."

"मग तिथं का बोलला नाहीत?"

"कसं बोलू? मोठेबाबाची तूर दरसाल माह्या दुकानात येते. अन तिथं बोलाची वेळ होती का, सांगा." त्याने वजनकाट्याची वायर गुंडाळली. "एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. पुढचा काटा मी अकोल्याले देतो. तुमच्या कामाले नाव नाही ठेवत मी. पन बायकोले कळीनच, मॅडमनं मारुतीले हात लावला, अन मंग तिच्याशी कोन वाद घालीन?"

"वाद नका घालू," मी म्हणाले.

"तुम्ही समजदार हाय म्हनून बोललो."

आठवड्याच्या आत मी शेड रिकामे केले. कॉलेजची मीटरे कॉलेजला परत दिली, त्यांना कारण सांगितले नाही. ठोके देणारे यंत्र, वजने, सोल्डरिंग आयर्न हे सगळे नांदुऱ्यात स्टेशनजवळ भाड्याने घेतलेल्या खोलीत आणले. खोलीच्या दारावर पाटी लावायची की नाही हे मी बरेच दिवस ठरवत राहिले. शेवटी लावली. अजून कोणी आलेले नाही. शेजारची सुचिता एकदा बंद पडलेला मिक्सर घेऊन आली. तो मी दुरुस्त करून दिला.

घरी मागून काय झाले ते आईने फोनवर सांगितले. कुलदीपने पुजाऱ्याला बोलावले. पुजाऱ्याने गाडी धुवायला लावली, मूर्तीला पुन्हा तेल-शेंदूर केला आणि पहिली जागा बाटली म्हणून दुसऱ्या जागी बसवायला सांगितले. त्यानंतर कुलदीपने गाडी काढली, तर मीटर नीट. अकोल्याच्या मेकॅनिकनेही पाहून सांगितले, आता बरोबर दाखवते. ही गोष्ट बाजारात पोचायला वेळ लागला नाही. लग्नांसाठी गाडीला पहिल्यापेक्षा जास्त बोलावणी येत आहेत.

"पाह्य," आई म्हणाली, "तू उगाच हट्ट केला. माफी मागतली असती तं तवाच सुधारलं असतं. शेडही राह्यलं असतं."

"आई, नवी जागा कुठं आहे?"

"त्या बाजूले. तुहे बाबा मले बसवत ना, तिथं समोर."

"म्हणजे मीटरपासून लांब."

"लांब हाय. काऊन?"

डाव्या टोकाला, दाराजवळ. मीही तिथेच ठेवली होती. चुंबकाचा जोर अंतराबरोबर फार वेगाने कमी होतो, तेवढ्या अंतरावर काट्याला काही कळणारही नाही. हे तिला सांगावे असे एकदा मनात आले.

"मग आता बरोबरच दाखवेल," मी म्हणाले.

"हाव ना," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला. मग तिने फोन जरा बाजूला धरून घरात कोणाला तरी सांगितले, "कबूल केलं तिनं."